कुस्तीला आखाडा लागतो, मग वेगाला का नको?

लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

या ग्रुपवर मी आजवर जुन्या बेळगावच्या आठवणीच लिहीत आलो. आज आठवणी कमी आणि भांडण जास्त आहे. भांडण आपल्याच माणसांशी आहे, म्हणून आपल्याच घरात मांडतोय.

माझी नात २५ वर्षांची आहे, बेंगळुरूला नोकरी करते. वर्षातून तीन-चार वेळा आपली यामाहा आर-१५ घेऊन ती रेसिंगच्या ट्रॅकवर जाते. शर्यतीला जात नाही, ट्रॅक डेला जाते. यातला फरक पुढे सांगतो. दोनदा मीही तिच्याबरोबर कोईमतूरला जाऊन आलो. हे कळल्यापासून नातेवाइकांत आणि गल्लीत जे चाललंय त्याला उत्तर द्यायची वेळ आली आहे. "काका, पोरीला शर्यतीला पाठवूलासा म्हणे?" इथून सुरुवात होते आणि "लग्नाची मुलगी, हातपाय मोडला तर?" इथं संपते. एका जवळच्या माणसाने तर तोंडावर सांगितलं, "तुम्ही बँकेत आयुष्य काढलंत, तुम्हाला धोका कळायला पाहिजे होता."

मला धोका कळतो म्हणूनच तिला मी अडवत नाही.

आधी ट्रॅक डे म्हणजे काय ते समजून घ्या, कारण नव्वद टक्के लोक ते न समजताच बोलतात. तिथं नंबर काढत नाहीत, कप नाही, बक्षीस नाही, पैज नाही. ट्रॅक दिवसभरासाठी ठरवलेला असतो. आपण फी भरायची, आपली गाडी न्यायची आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाच-सहा फेऱ्यांत ती चालवायची. सकाळी आधी गाडीची तपासणी. ब्रेक पॅड किती उरलेत, चेन किती सैल आहे, टायर कसे आहेत, कुठून तेल गळतंय का. आरसे काढून ठेवायचे, हेडलाइटच्या काचेवर चिकटपट्टी मारायची, म्हणजे गाडी पडलीच तर काचा ट्रॅकवर पसरत नाहीत. मग माणसाची तपासणी. तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट, चामड्याचा सूट, मनगटाच्या वर येणारे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट, पाठीला कवच. यातलं एक जरी नसलं तरी आत सोडत नाहीत. फी भरली असली तरी नाही.

त्यानंतर सगळ्यांना बसवून झेंडे शिकवतात. पिवळा म्हणजे पुढे कोणी पडलंय, सावध, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे फेरी थांबली, हळूहळू बाहेर या. काळा तुम्हाला दाखवला तर तुम्ही बाहेर या. चौकटीचा म्हणजे वेळ संपली. वळणावळणाला मार्शल उभे, रुग्णवाहिका चालू स्थितीत उभी. गट पाडलेले असतात, नवखे वेगळे, मधले वेगळे, तरबेज वेगळे. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की ओव्हरटेक करणाऱ्या मागच्या माणसाची जबाबदारी. पुढचा माणूस मागे बघत नाही, त्याला आरसेच नाहीत. आपल्या खडेबाजारात हा नियम आठ दिवस लावून बघा!

आता मला सांगा, हे तुम्हाला ओळखीचं वाटत नाही का? आपण बेळगाव-कोल्हापूरची माणसं. तालमीत वाढलो. दोन पैलवान भर रस्त्यात एकमेकांना धरून आपटायला लागले तर आपण त्याला मारामारी म्हणतो आणि पोलीस बोलावतो. तेच दोघे आनंदवाडीच्या आखाड्यात उतरले की हलगी वाजते आणि आपण फेटे बांधून बघायला जातो. अंगातली रग तीच असते. फरक मातीचा, वस्तादाचा, पंचाचा आणि जोड लावण्याचा. पन्नास किलोच्या पोरासमोर नव्वद किलोचा पैलवान कुठला वस्ताद सोडतो? शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचं मैदान बांधलं, ते काय लोकांचे हातपाय मोडायला? ताकदीला जागा लागते हे त्यांना कळत होतं. वेगाला जागा लागते हे आपल्याला शंभर वर्षांनंतर कळू नये?

पोरांच्या अंगात वेग नसतो असं कोणी म्हणू नये. आमच्याही होता. १९७८ साली मी येझदी घेतली. किक आणि गिअर एकाच दांड्यावर असलेली ती गाडी ज्यांनी चालवली त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. शिनोळीवरून आंबोलीला आम्ही चार मित्र जायचो तेव्हा सावकाश जात होतो असं मी नातवंडांना सांगत नाही, कारण ते खोटं होईल. पण तेव्हा त्या रस्त्यावर तासाला मोजून चार-दोन वाहनं असायची आणि आमच्या गाड्यांना फारसा दमही नव्हता. आज पोराच्या हातात पहिलीच गाडी येते ती दोनशे सीसीची, आणि रस्त्यावर ट्रक, बस, टुरिस्ट, गुरंढोरं सगळंच असतं.

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी चोर्ला घाटात जाऊन उभे राहा. जांबोटी, कणकुंबी ओलांडून पुढे गेलं की दहा-बारा पोरांचा घोळका येतो. कुणाच्या पायात चप्पल, कुणाचं हेल्मेट आरशाला अडकवलेलं. वळणावर गुडघा टेकवायची हौस, आणि समोरून गोव्याची बस येतेय की दगड-माती वाहून आलीय याचा पत्ता नाही. ही पोरं कुणाची आहेत? आपलीच आहेत. यांचे वडील माझ्या नातीबद्दल बोलतात. "आमचा मुलगा असल्या भानगडीत नाही हं, तो फक्त मित्रांबरोबर फिरायला जातो." साहेब, तुमचा मुलगा रोज शर्यत लावतोय. फक्त त्याच्या शर्यतीला मार्शल नाही, रुग्णवाहिका नाही, आणि समोरचा स्पर्धक दहा टनांचा आहे.

आकडे बघा, आकड्यांशी माझं जन्माचं नातं आहे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशात रस्त्यावर मेलेली माणसं १,६८,४९१. त्यात दुचाकीवरची जवळपास ७५ हजार, म्हणजे शंभरात ४४-४५. रोजची २०५. हेल्मेट नसलेली ५० हजारांवर. हे सगळे ट्रॅकवर गेले नव्हते. भाजी आणायला, कॉलेजला, लग्नाला, धबधबा बघायला गेले होते.

बँकेतला एक अनुभव सांगतो. पल्सर २००१ च्या अखेरीस बाजारात आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत दुचाकी कर्जांचा पूर आला. मी तेव्हा तालुक्याच्या एका शाखेत होतो. शेतकरी बाप जामीनदार, पोरगा कर्जदार, गाडी बँकेकडे तारण. असा एक मुलगा गाडी घेऊन सात महिन्यांत गेला. रस्ता रोजचाच, वळणही रोजचं. विम्याचं नूतनीकरण राहिलेलं, त्यामुळे गाडीचा क्लेम काही आला नाही. बाप दर महिन्याच्या पाच तारखेला पटका बांधून यायचा, काउंटरवर हप्ता भरायचा, पावती घडी घालून खिशात ठेवायचा. एकदा मी म्हटलं, "मामा, बसा, चहा घ्या." ते म्हणाले, "नको साहेब, अजून एकवीस राहिलेत." एकवीस हप्ते. ज्या गाडीचा सांगाडा पोलीस स्टेशनच्या आवारात गंजत होता तिचे. त्यांनी शेवटचा हप्तासुद्धा त्याच तारखेला भरला.

हप्त्याची तारीख बापाला सांगायला बँक होती. गाडी कशी थांबवायची हे पोराला सांगायला कुणीच नव्हतं. शोरूमवाल्याने पेढा दिला, नारळ फोडला, चावी दिली. संपलं शिक्षण.

आता शिकण्याबद्दल. आपल्याकडे प्रत्येक बाप मुलाला एक मंत्र देतो, "पुढचा ब्रेक धरू नको, आपटशील." ट्रॅकवर नातीला पहिल्याच दिवशी जे शिकवलं ते बरोबर याच्या उलट. गाडी थांबायला लागली की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. म्हणून थांबवायचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. तो झटक्यात आवळला तर आपटतो, हळूहळू दाबत नेला तर गाडी जागच्या जागी बसते. हे वाचून येत नाही. रिकाम्या सरळ पट्टीवर वीस वेळा करून बघावं लागतं. आपल्या कुठल्या रस्त्यावर वीस वेळा करून बघता येईल सांगा.

दुसरं, नजर. गाडी तिथं जाते जिथं तुम्ही बघता. घाबरलेला माणूस खड्ड्याकडे, कठड्याकडे, समोरच्या ट्रककडे बघत राहतो आणि त्याच्यावरच जाऊन आदळतो. वळणात शिरायच्या आधी वेग कमी करायचा आणि नजर वळणाच्या बाहेर पडायच्या जागेवर ठेवायची, हे नातीकडून त्यांनी दिवसभर घोटून घेतलं. स्पीडोमीटरवर तर चिकटपट्टी मारायला लावली. किती वेगात चाललोय हे बघायचंच नाही, नीट चाललोय का एवढंच बघायचं. आमच्या पोरांचे व्हिडिओ काय असतात? नुसता स्पीडोमीटर!

कोईमतूरचा तो ट्रॅक, करी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचा आहे. फार मोठा नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रासचा ट्रॅक १९९० पासून आहे, तो ३.७ किलोमीटरचा. त्याआधी तिकडचे लोक शोलावरमला युद्धकाळातल्या जुन्या विमानपट्टीवर शर्यती लावायचे. म्हणजे तमिळ माणसाने वेगाला जागा द्यायचं काम आपल्या कितीतरी आधी केलं, आणि देशातले बरेच चांगले रायडर तिकडून का आले याचं उत्तर यात आहे. आपल्याला बेळगावहून चेन्नईचा ट्रॅक साधारण आठशे किलोमीटर पडतो. कोल्हापूरजवळ मोहित्यांचा ट्रॅक आहे, तो मुळात कार्टिंगचा, म्हणजे छोटा. पण शंभर-दीडशे सीसीच्या गाडीवर वळण शिकायला मोठा ट्रॅक लागतो कुठे?

तुमचं सर्वांत मोठं हत्यार मला माहीत आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मद्रासच्या ट्रॅकवर बेंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा शर्यतीत पडून गेला. ती बातमी मला तीन जणांनी पाठवली. मी ती नीट वाचली, आणि आजोबा म्हणून त्या रात्री झोप लागली नाही. ट्रॅकवर माणूस मरत नाही असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खांद्याचं हाड मोडणं, मनगट मोडणं हे तिथंही होतं. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. ती शर्यत होती, सगळे एकदम सुटतात आणि एकमेकांना खेटून चालवतात. ट्रॅक डेला तसं सुटत नाहीत. आणि तो मुलगा गेल्यावर आयोजकांनी त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या शर्यती रद्द केल्या. तेरा वर्षांच्या मुलाला त्या गाड्यांवर बसवावं का, हा प्रश्न देशभर विचारला गेला, आणि तो विचारलाच पाहिजे. माझं स्वतःचं मत, अठराच्या आत नको. आता मला सांगा, आपल्या घाटात पोर गेलं की काय रद्द होतं? काय विचारलं जातं? पंचनामा होतो, रस्त्यावर माती टाकतात, अर्ध्या तासात वाहतूक सुरू. पुढच्या रविवारी तोच घोळका त्याच वळणावर.

ट्रॅकवर गेल्यावर तुमच्याकडून एका कागदावर सही घेतात की इथं इजा होऊ शकते, मृत्यूही येऊ शकतो. लोक त्या कागदाला घाबरतात. मी चौतीस वर्षं कागद वाचले आहेत. ज्या कर्जात धोका लिहून ठेवलेला असतो ते कर्ज क्वचित बुडतं, कारण आधीच तारण घेतलेलं असतं, मार्जिन ठेवलेलं असतं. बुडतं ते "ओळखीचा माणूस आहे, काय होतंय" म्हणून दिलेलं. रस्ता हा आपला ओळखीचा माणूस आहे.

कागदांचा विषय निघालाच आहे तर कामाचं सांगतो. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीवर वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. त्यात आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी यांना संरक्षण नाही असं स्पष्ट छापलेलं असतं. म्हणून ट्रॅकवर काही झालं तर गाडीचा खर्च आपला, असं धरूनच जायचं. मालक-चालकाचा जो १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो त्याच्यावरही तिथं भिस्त ठेवू नका. आरोग्य विम्याच्या कंपनीला आधी लेखी विचारा, तोंडी "चालतंय की" यावर जाऊ नका. नातीने हे सगळं केलं आहे. आणि दिवसभर चालवून दमल्यावर ती त्याच गाडीवर बेंगळुरूला परतत नाही. तिघी-चौघं मिळून पिकअप टेम्पो करतात, गाड्या त्यात, माणसं रेल्वेने.

खर्च आहे, नाही कोण म्हणतो? नातीचा सूट जुना घेतला तरी अठरा हजारांना पडला, बूट-हातमोजे वेगळे. "एवढे पैसे असल्या नादाला?" असं विचारणाऱ्या घरात मी मुलाच्या वाढदिवसाला दोन लाखांची गाडी आणि सातशे रुपयांचं हेल्मेट बघितलंय. हिशोब कुणाचा चुकलाय?

आणि अठराच्या आतल्या पोरांना चावी देणारे तर वेगळेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर त्याचाही वेगळा गुन्हा आहे. तरी दहावीचं पोर क्लासला बुलेटवर येतं आणि आई कौतुकाने सांगते, "उंची चांगली आहे ना त्याची." उंची बघून लायसन देतात काय हो?

राहिला मुलीचा मुद्दा. नातवाने हेच केलं असतं तर निम्मे लोक गप्प बसले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से हिने २०१९ साली मोटारसायकलच्या बाहा प्रकारात महिलांचा विश्वचषक जिंकला. मोटारस्पोर्टमध्ये जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय. पुरुषांतही आधी कुणी नव्हतं. लग्नाचं म्हणाल तर ज्या मुलाला पुढचा ब्रेक धरणारी बायको चालत नाही तो आम्हालाही चालत नाही.

ट्रॅकवर जाऊन आलेली काही पोरं परत घाटात येऊन जास्त माज करतात, हेही मी ऐकून आहे आणि खरं असणार. तालमीतही असा एखादा निघतो, बाजारात दंड दाखवत फिरणारा. वस्ताद त्याला तालमीतून हाकलतो, तालीम बंद करत नाही. आमच्या नातीचं सांगायचं तर ती आता गावात पूर्वीपेक्षा हळू चालवते. मी विचारलं तर म्हणाली, "आजोबा, शंभरच्या स्पीडला थांबायला किती जागा लागते ते बघितलंय. इथं तेवढी जागाच नाही."

तेव्हा माझं मागणं एवढंच. आपल्या शहरात गणेशोत्सवाची शेकड्यांनी मंडळं आहेत. डॉल्बीवर किती जातात ते वर्गणी देणाऱ्यांना माहीत आहे. एका मंडळाने, फक्त एकाने, यंदा त्यातले थोडे पैसे बाजूला काढावेत. लायसन असलेली, अठरा पूर्ण झालेली आपली पंधरा-वीस पोरं-पोरी जमवावीत, चांगला शिकवणारा गाठावा आणि त्यांना एक दिवस कोल्हापूरच्या ट्रॅकवर न्यावं. शंभर-सव्वाशे किलोमीटर तर आहे, सकाळी निघून रात्री घरी. सूट भाड्याने मिळतात का, विमा कसा काढायचा, कागद कुठले लागतात, हिशोब कसा ठेवायचा, हे सगळं मी बघतो. हात अजून चालतात, वेळ भरपूर आहे. माझी वर्गणी पहिली पाच हजार.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी माझ्या नातीला नावं ठेवण्याआधी एक करावं. आपल्या मुलाला अंगणात उभं करून विचारावं, "ताशी साठवर असताना समोर म्हैस आली तर काय करशील?" उत्तर ऐकून मग मला फोन करा.